बावीस खण: कॉर्निश वंशजांच्या मंडळाचं दप्तर

११ जानेवारी

दप्तर ताब्यात आलं. सासूबाईंच्या गॅरेजमधलं लाकडी कपाट, त्याचे बावीस खण, दोन बिस्किटांचे डबे (रबरी शिक्के, जुन्या पावत्या) आणि एक टंकलेखनयंत्र आता आमच्या मागच्या खोलीत आहे. बाहेर बेचाळीस अंश. लेकाने आणि नवऱ्याने कपाट उतरवलं, तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून "तिरकं करू नका, कार्डं सरकतील" असं म्हणत होत्या. पुढच्याच पायरीवर ते तिरकं झालं.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथले ते कॉर्निश. तिथले कथील नि तांब्याच्या खाणीतले लोक एकोणिसाव्या शतकात जगभर पांगले, आणि त्यातले हजारो इकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले. त्यांच्या पणतवंड-खापरपणतवंडांचं हे मंडळ. सासूबाई गेली चौतीस वर्षं नोंदणीचं काम बघत होत्या. मी मूळची सांगलीची, पोटासाठी हिशेबनीस, लग्नाने कॉर्निश. चिटणीसपद मला निवडणुकीने मिळालेलं नाही. सभेत सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांनी चहाकडे.

अधिकृत इतिवृत्त इंग्रजीत जातं. ही वही माझी, म्हणून मराठीत. कार्यकारिणीतल्या कोणालाही ती वाचता येत नाही, हाही एक फायदा.

१८ जानेवारी

पहिले दोन खण झाले. पोस्टकार्डापेक्षा जरा लहान पांढरी कार्डं, निळ्या शाईतलं सासूबाईंचं तिरपं अक्षर, नंतर कळलेली माहिती पेन्सिलीने. रकाने असे: आडनाव, नाव, कॉर्नवॉलमधला पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग), जहाज, उतरल्याची तारीख, खाण, धंदा, वंशज. टाचण्या गंजून कार्डांवर तपकिरी डाग पडलेत. लेक मोबाइलवर फोटो काढतो, मी तक्त्यात भरते.

'धंदा' या रकान्यात माणूस हमखास 'कॅप्टन' असतो. खाणीतला कॅप्टन जहाजावरचा नव्हे नि फौजेतलाही नव्हे. तो खाणीचा कारभारी. जमिनीखालचा वेगळा, वरचा वेगळा. वरच्याला 'ग्रास कॅप्टन' म्हणत, कारण खाणीच्या भाषेत भुईचा पृष्ठभाग म्हणजे 'गवत'. खडक बघून धातुकाच्या शिरेचा अंदाज घ्यायचा, कोणाला कुठली जागा द्यायची ते ठरवायचं, असा मान. मूंटा या इथल्या गावच्या तांब्याच्या खाणीचा हेन्री रिचर्ड हँकॉक हा त्यातला सगळ्यात मोठा. १८६४ ते १८९८ सगळा कारभार त्याच्या हातात होता. गंमत म्हणजे तो जन्माने कॉर्नवॉलचा नाहीच, शेजारच्या डेव्हनचा. हे आमच्या अध्यक्षांना सांगितलं की ते खिडकीबाहेर बघतात.

दोन खणांत एक्केचाळीस कॅप्टन निघाले. एवढे कॅप्टन असते, तर खाली कुदळ मारायला माणूस उरला नसता.

बायकांच्या कार्डांवर धंद्याचा रकाना कोरा. कॉर्नवॉलमध्ये खाणीच्या तोंडाशी हातोड्याने धातुक फोडणाऱ्या मुली असत, त्यांना 'बाल मेडन' म्हणत. बाल म्हणजे खाण. इकडे येण्याआधी ज्या बायकांनी हे काम केलं, त्यांच्याही कार्डावर फक्त 'पत्नी'. नवा रकाना टाकला: 'स्थलांतरापूर्वीचं काम'.

२ फेब्रुवारी

आडनावांनी डोकं उठवलंय. 'त्रे, पोल आणि पेन, यावरून ओळखा कॉर्निश जन' अशा अर्थाची एक जुनी म्हण त्यांच्याकडे आहे. त्रे म्हणजे वस्ती, पोल म्हणजे डोह, पेन म्हणजे टोक किंवा माथा. ट्रेगेन्झा, पोल्किंगहॉर्न, पेनरोझ. बहुतेक मुळात गावांची किंवा शेतवाड्यांची नावं, आपल्या 'कर'वाल्यांसारखी. सासूबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या माहेरचं आडनाव तीनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, "मग ते गाव कुठल्या खाणीजवळ?"

त्रास स्पेलिंगचा. लिहिणारा कारकून लंडनचा, सांगणारा कॉर्निश हेल काढणारा आणि बहुधा निरक्षर. एकाच माणसाचं आडनाव जहाजाच्या यादीत एक, लग्नाच्या नोंदीत दुसरं, थडग्यावर तिसरं. तक्त्यात आता दोन रकाने ठेवलेत: 'जसं लिहिलं तसं' आणि 'शोधासाठी'. पहिल्याला हात लावायचा नाही.

वयांचीही खबरदारी. १८४१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती. पंचवीस लिहिलेला माणूस एकोणतीस वर्षांचाही असू शकतो. सासूबाईंनी त्या आकड्यांवरून सरळ जन्मसालं काढली आहेत. अशी कार्डं बाजूला काढतेय, ढीग वाढतोय.

५ मार्च

सेंट पिरान, कथील-कामगारांचा संत, त्याचा दिवस. काळ्यावर पांढरा क्रूस असलेला झेंडा हॉलवर लावला. नऊ माणसं, त्यातली सहा सत्तरीपुढची. अध्यक्षांनी 'डीध दा' म्हणून सुरुवात केली, म्हणजे कॉर्निशमध्ये 'शुभ दिवस'. उच्चारावरून दहा मिनिटं वाद. मातृभाषा म्हणून ती बोलणारी शेवटची बाई १७७७ मध्ये गेली असं परंपरेने मानतात. पुढे पुस्तकांतून भाषा परत उभी केली. त्यामुळे वाद मिटवायला आजी कोणाचीच नाही.

वार्षिक वर्गणी: अठरा जणांची बाकी. विम्याचा हप्ता वाढला.

१६ मार्च

अर्ज आला. पंच्याऐंशी वर्षांच्या एक बाई, मंडळाच्या आजीव सभासद. मूंटाच्या स्मशानभूमीत पणजोबांच्या खुणा न राहिलेल्या जागेवर पाटी बसवायची आहे. खर्च त्यांचा, मंडळाची शिफारस हवी, कारण परवानगी तिथल्या नगर परिषदेकडून घ्यावी लागते. मजकूर सोबत जोडलेला. पहिली ओळ: 'कॅप्टन'. पुढे नाव.

त्यांचं कार्ड काढलं. 'धंदा: कॅप्टन, मूंटा खाण.' आधाराच्या जागी काहीच नाही.

२३ मार्च

पणजोबांच्या मागे लागले. इथं देवळं सांभाळून शोधावी लागतात. कॉर्निश माणूस मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांतला एक संप्रदाय) हे खरं, पण मेथडिस्टांचेही तीन पंथ: वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि बायबल ख्रिश्चन. एकाच गावात तिघांची वेगळी प्रार्थनाघरं, वेगळ्या नोंदवह्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ते १९०० मध्ये एक झाले. एका कुटुंबाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे तीन वह्यांत सापडतात. पाळक कोण बरा, यावर आईचं मत बदलत असावं.

पणजोबा बायबल ख्रिश्चन निघाले. मुलांच्या चार जन्मनोंदी मिळाल्या. चारही ठिकाणी बापाचा धंदा 'मायनर', म्हणजे खाणकामगार. मृत्यूच्या नोंदीत 'लेबरर', मजूर. खाणीच्या कॅप्टनांच्या ज्या याद्या छापलेल्या आहेत, त्यांत नाव नाही.

याचा अर्थ तो हलका माणूस होता असा नाही. हे लोक बहुधा 'ट्रिब्यूट'वर काम करत. चार-सहा जणांची टोळी खाणीतल्या एका तुकड्यासाठी बोली लावायची: वर काढलेल्या धातुकाच्या किमतीत पौंडामागे आम्हाला इतके शिलिंग. शीर चांगली लागली तर कमाई, खडक निघाला तर मेणबत्त्या नि सुरुंगाची दारू यांचे पैसे अंगावर. दुसरा प्रकार 'टटवर्क', खोदलेल्या लांबीवर मजुरी. म्हणजे बोली लावणारा माणूस गडीही आणि अर्धा सट्टेबाजही. शीर बघून भाव ओळखायची अक्कल त्याला कॅप्टनाइतकीच लागायची. पण कॅप्टन तो नव्हे.

६ एप्रिल

वेगळंच काम आलं. कॅनडातून एका गृहस्थांचा ईमेल: आजोबांचे वडील कॉर्नवॉलमधून कोलारला गेले, भाऊ मूंटाला आला, दोन्ही शाखा जोडायच्या आहेत. अध्यक्षांनी तो माझ्याकडे ढकलला, शेरा असा: 'तू भारतातली आहेस.'

कोलारशी माझा संबंध भूगोलाच्या पेपरापुरता. 'सोने – कोलार' अशी जोडी लावून एक मार्क मिळवला होता. पण वाचत गेले तसं बसल्या जागी सरसावून बसले. लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या कंपनीने १८८० नंतर तिथल्या खाणी चालवल्या आणि कारभारी, कॅप्टन, यंत्रवाले कॉर्नवॉलमधून नेले. खाली उतरणारे कामगार बहुतेक तमिळ आणि तेलुगू मुलखातले. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. २८ फेब्रुवारी २००१ ला सगळं बंद झालं. आमच्या कपाटात कोलारची सात कार्डं आहेत, आणि तिथं मात्र 'कॅप्टन' शब्द तीनदा खरा ठरला.

कागद लंडनला, ब्रिटिश लायब्ररीत. इंडिया ऑफिसच्या चर्च-नोंदींत 'एन-२' ही मद्रास इलाख्याची मालिका आहे (एन-१ बंगाल, एन-३ मुंबई). कोलार म्हैसूर संस्थानात असलं तरी आधी तिथंच शोधायचं. गृहस्थांना तसं कळवलं. त्यांच्या नोंदीत कॉर्निश कुटुंबाच्या घरातल्या आयाचं नुसतं पहिलं नाव आहे, तेही बहुधा मालकिणीने सोयीसाठी ठेवलेलं. तिच्यासाठी रकाना कुठला टाकायचा? 'घरातील इतर' असा टाकला.

२० एप्रिल

मूंटा. अ‍ॅडलेडहून दोन तास. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर थर्मास.

यॉर्क द्वीपकल्पावरची ही जमीन नारुंगा लोकांची. १८५९ मध्ये वॉलरूजवळ आणि १८६१ मध्ये मूंटाला मेंढपाळांना तांबं दिसलं, आणि मग बोटी भरभरून माणसं आली. मूंटाच्या कंपनीने दहा लाख पौंडांचा लाभांश वाटला. ऑस्ट्रेलियात तेवढा आकडा गाठणारी ती पहिली खाण कंपनी. १९२३ मध्ये टाळं. आता खाणीतल्या टाकाऊ राखाडी-लालसर मातीचे डोंगर, ज्यांना इथं 'स्किंप्स' म्हणतात, आणि १८६५ चं ह्यूजेस पंपाचं दगडी इंजिनघर, छप्पर नसलेलं. कॉर्नवॉलच्या कड्यांवर उभी असतात तशीच धाटणी. २०१७ मध्ये मूंटा आणि बर्रा (तेही दक्षिण ऑस्ट्रेलियातलं तांब्याच्या खाणींचं गाव) ही दोन्ही ठिकाणं राष्ट्रीय वारसा यादीत गेली.

स्मशानात गेलो. एका बाजूला रिकामं मैदान, वाळलेलं गवत. तिथं लहान मुलं आहेत, खुणेचा दगड नसलेली. १८७० च्या दशकात विषमज्वराने नेलेली. खाणीच्या जागेवर दाटीने घरं, पिण्याचं पाणी टाक्यांत साठवलेलं, गटारं नाहीत. पणजोबांच्या चार मुलांपैकी दोघं इथंच असणार; मृत्यूनोंदी माझ्याकडे आहेत, एक अकरा महिन्यांचं, एक तीन वर्षांचं. त्यांच्या कार्डांवर सासूबाईंनी 'बालपणी मृत' लिहून पुढचे रकाने आडव्या रेघेने मारले आहेत.

परतताना त्या गप्प होत्या. काडिनाच्या अलीकडे म्हणाल्या, "त्या बाईंच्या कार्डाचं काय ते मला आधी सांगायला हवं होतंस." मी सांगितलं नव्हतंच. कागद टेबलावर उघडे होते.

४ मे

उत्सवासाठी पास्ट्या, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेल्या मोठ्या करंज्याच. दर दोन वर्षांनी, विषम सालात, मूंटा-काडिना-वॉलरू या तीन गावांत केर्नेवेक लोवेंडर हा कॉर्निश उत्सव भरतो, १९७३ पासून. आमच्या मंडळाचा एक टेबल असतो. आज घरी तालीम, चाळीस नग.

कॉर्निश पास्टीला २०११ मध्ये युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं. आपल्या हापूसला मिळालं तसलंच. नियम कडक: गोमांस, बटाटा, स्वीड (पिवळ्या गराचा सलगम), कांदा; सगळं कच्चंच भरायचं; मांस निदान साडेबारा टक्के; आकार अर्धचंद्र; मुरड कडेला, माथ्यावर नाही. गाजर घातलं तर कॉर्नवॉलमध्ये पाप, इथं ऑस्ट्रेलियात सर्रास, वर टोमॅटो सॉस. सासूबाई गाजराचं नाव काढू देत नाहीत. आमच्या टेबलावर मांस नसलेल्याही असतात, त्यांना त्या 'ती दुसरी' म्हणतात.

मुरड घालणं हे माझं काम. पंचवीस वर्षांपूर्वी या घरात पहिल्यांदा पास्टी वळायला घेतली, तेव्हा काही सांगावं लागलं नव्हतं. अंगठ्याने कड दाबायची, तर्जनीने वळवायची, पुढची घडी आधीच्या घडीवर. दिवाळीला आईशेजारी बसून करंज्यांना जी घातली तीच. फक्त ही कणीक जाड आणि चरबीची, बोट रुततं. सासूबाईंनी तेव्हा पास्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली होती आणि "कोणी शिकवलं?" एवढंच विचारलं होतं.

आज त्या पीठ लाटत होत्या. पाठ माझ्याकडे. म्हणाल्या, "त्या वर्षी हॉलचं छप्पर गळत होतं. त्यांच्या नवऱ्याने पत्रे दिले. सगळे. कार्ड भरताना बाई म्हणाल्या कॅप्टन, मी कॅप्टन लिहिलं. पुरावा मागितला नाही. पत्रे आले होते ना."

मी मुरड घालत राहिले. एका पास्टीची कड फुटली.

हिशेबाच्या धंद्यात मी अशा नोंदी पुष्कळ पाहिल्यात. देणगीची पावती एका बाजूला, उपकाराची फेड दुसऱ्या बाजूला, आणि ताळेबंद चोख. फरक इतकाच की या बाईने त्यातून स्वतःसाठी काही घेतलं नाही, आणि त्या पत्र्यांखाली आम्ही अजून बसतो.

११ मे

कार्यकारिणी. विषय तिसरा: पाटी. अध्यक्ष म्हणाले, जाऊ दे ना, दीडशे वर्षं झाली, कोणाचं काय बिघडतं. खजिनदार म्हणाल्या, आजीव सभासद आहेत, मृत्युपत्रात मंडळाचं नाव आहे असं ऐकलंय. (हे इतिवृत्तातून काढायला सांगितलं. इथं राहील.) मी जन्मनोंदी ठेवल्या. म्हटलं, ज्या गावात खाणीत कुदळ मारलेला जॉन व्हेरन १९१० मध्ये राज्याचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाला, तिथं 'मायनर' लिहायला लाज कसली? कोणी उत्तर दिलं नाही.

शेवटी सासूबाई बोलल्या. "नोंद माझी आहे. चूक माझी आहे. दुरुस्ती मी करते." मतदान झालंच नाही.

घरी आल्यावर त्यांना सांगितलं, कार्ड फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. आम्हा हिशेबनिसांची रीत अशी: एकच रेघ मारायची, खालचा मजकूर वाचता आला पाहिजे, बाजूला नवी नोंद, तारीख, सही. त्यांनी चष्मा बदलला. हात अलीकडे कापतो, म्हणून मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. 'कॅप्टन' वर रेघ जरा वर गेली, 'न' सुटला. त्यांनी तो परत खोडला नाही. बाजूला 'मायनर', आधार: चार जन्मनोंदी, एक मृत्यूनोंद. सही.

बाईंना फोनही त्यांनीच केला. दार लावून.

मे, उत्सवाचा आठवडा

वेळ नाही. पास्ट्या अडीच तासांत संपल्या, 'ती दुसरी'सुद्धा. स्वँकी नावाची उत्सवाची बिअर लेकाला चाखायला दिली, तोंड वाकडं केलं. वंशशोधाच्या टेबलावर एकतीस जण आले. त्यातल्या एका तरुणाचं आडनाव व्हिएतनामी, पणजी कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्नची. फॉर्मवर 'कॉर्निश रक्ताचे प्रमाण' असा एक जुना रकाना आहे, तो त्याने मला बोटाने दाखवला. पुढच्या छपाईत निघेल.

पाटीवाल्या बाई फिरकल्या नाहीत.

८ जून

पाटी बसली. नगर परिषदेचा माणूस, आम्ही तिघं, आणि बाई. नातवाच्या गाडीतून आल्या. पाटीवर नाव, पॅरिश, दोन सालं, 'मूंटा खाणीतील खाणकामगार'. खाली दोन मुलांची नावं, ती बाईंनीच सांगून घालायला लावली. मी पाठवलेल्या नोंदींतून घेतलेली. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळे बिल वाढलं. ते त्यांनी निमूट भरलं. सासूबाईंशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. थर्मासमधला चहा मात्र घेतला.

२९ जून

बाईंकडून पाकीट. आत वर्गणी नाही (आजीव आहेत), पत्र नाही, फक्त फोटो. घराच्या व्हरांड्यात, दाराशेजारी, पितळेची दुसरी पाटी. पहिली ओळ: 'कॅप्टन'. पुढे नाव.

सासूबाईंना दाखवला. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "पितळ चांगलं आहे."

व्हरांडा मंडळाच्या घटनेत येत नाही. फोटोच्या मागे तारीख टाकून तो कार्डामागे लावला, टाचणी नव्हे, गंजणार नाही अशी क्लिप.

एकोणिसावा खण उद्या काढायचा. त्रे-वाले सगळे त्यात आहेत. इतका गच्च की दोघांनी ओढावा लागतो. लेकाला सकाळी नऊला उठायला सांगितलंय.